घरचं मैदान, घरचं पिच : भारत वि. न्यूझीलंड कसोटी मालिका २०२४

स्लिपमधला_माणूस | १७ ऑक्टोबर २०२४, दुपारी १:४०

मालिकेसाठी वेगळा धागा नव्हता म्हणून काढतोय. काढायची वेळ मात्र वाईट आली. बंगळुरूला ४६ ऑलआउट. घरच्या मैदानावरचा आपला सगळ्यात कमी स्कोअर. पाच जण शून्यावर, कोहली, सर्फराज, राहुल, जडेजा, अश्विन. न्यूझीलंडचा हेन्री ५/१५ (१५ रन देऊन ५ विकेट) आणि तो उंच पोरगा ओ'रूर्क ४/२२.

मला राग स्कोअरचा नाही आला. ढगाळ हवा, आदल्या दिवशी पूर्ण पाऊस, पिच कव्हरखाली, बॉल हलणारच. राग आला तो टॉस जिंकून बॅटिंग घेतल्याचा. वर तीन स्पिनर. मी ठाण्यात राहतो, मुंबईची पावसाळ्यातली कांगा लीग खेळलोय, पावसाळ्यातल्या ओल्या पिचवर टॉस जिंकून बॅटिंग घेतली असती तर आमच्या कॅप्टनला टीमनेच विचारलं असतं की बाबा काय बघून घेतलीस.

चर्चा करूया. एकच विनंती, खेळाडूंच्या घरच्यांवर कोणी जाऊ नका.

कोहली_१८ | १७ ऑक्टोबर, दुपारी २:०५

एका सेशनवरून लगेच निकाल लावू नका प्लीज. गिलची मान आखडली म्हणून विराट तीन नंबरला आला, त्याची ती जागा नाही. २०२० ला अ‍ॅडलेडला ३६ ऑलआउट झालो, तरी ती ऑस्ट्रेलियातली मालिका आपणच जिंकलो होतो हे विसरू नका.

कोल्हापुरी_यॉर्कर | १७ ऑक्टोबर, दुपारी २:३०

भावा मालिका जिंकली ती रहाणेनं आणि पोरांनी जिंकून दिली, विराट तेव्हा घरी होता. ते असू दे. मला एवढंच कळत न्हाई की लंचला ६ बाद ३४ असताना बी कोण थांबायला तयार न्हाई. दोन तास काढा की. बॉल जुना होतोय, ऊन येतंय, पिच सुधारतंय. आमच्याकडं मॅटिंगवर खेळणारी पोरं बी एवढा विचार करत्यात.

ऑकलंडकर | १७ ऑक्टोबर, दुपारी ४:१५

इथे ऑकलंडला संध्याकाळी पाचच्या आसपास मॅच सुरू होते, म्हणजे ऑफिसवरून येऊन चहा घेऊन बसलं की बरोब्बर. आज बसलो आणि जेवण होईपर्यंत संपलं होतं. इथल्या सहकाऱ्यांना पण विश्वास बसत नाहीये. विल्यमसन नाहीये, दुखापतीमुळे आलेलाच नाही, श्रीलंकेत २-० हरून आलेत, साउदीने कॅप्टन्सी सोडलीय. म्हणजे टीम विस्कटलेली असायला हवी होती. पण कॉन्वे आणि रचिन ज्या शांतपणे खेळतायत ते बघा. रचिनचे वडील मूळचे बंगळुरूचेच, त्यामुळे त्याच्यासाठी पण हे एका अर्थी घरचंच मैदान.

मिडऑन_मावशी | २० ऑक्टोबर, दुपारी १:००

हरलो. ८ विकेटनी. १९८८ मध्ये वानखेडेवर न्यूझीलंड जिंकलं होतं तेव्हा मी तीन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन रेडिओ ऐकत होते, आज तिची मुलगी माझ्याबरोबर टीव्ही बघत होती. मधल्या ३६ वर्षांत भारतात त्यांना एकही कसोटी जिंकता आली नव्हती.

तरी मला या मॅचचं तेवढं दुःख नाही. दुसऱ्या डावात आपण ४६२ केले. सर्फराजचे १५०, काय खेळला मुलगा, यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून लेट कट मारत होता. पंत दुखऱ्या गुडघ्यावर उभा राहून ९९. ३ बाद ४०८ वर होतो आपण! नवा बॉल घेतला आणि ५४ धावांत सात गेले, तिथे मॅच गेली. शंभर-सव्वाशे आणखी झाले असते तर शेवटच्या दिवशी बुमराहने काय केलं असतं ते त्या पहिल्या स्पेलमध्ये दिसलंच.

आकडेमोड | २० ऑक्टोबर, दुपारी १:४५

मावशींशी सहमत. २०१२ च्या शेवटी इंग्लंडकडून हरलो, त्यानंतर घरच्या सलग १८ मालिका जिंकल्या. या मालिकेआधी तेवढ्या काळात घरी फक्त चार कसोटी हरलो होतो : पुणे २०१७, चेन्नई २०२१, इंदूर २०२३, हैदराबाद २०२४. बंगळुरू पाचवी. तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आधीच्या चारही हारांमध्ये समोरच्या स्पिनरने आपल्याला काढलंय. ओ'कीफ १२/७०, चेन्नईला लीच, इंदूरला कुन्हेमान आणि लायन, हैदराबादला हार्टली, तो तर पहिलीच कसोटी खेळत होता. बंगळुरूला सीमर्सनी, म्हणजे वेगवान बॉलर्सनी काढलं, ते वेगळं प्रकरण.

पुण्याला कसलं पिच देतात त्यावर सगळं आहे.

गहुंजे_एक्सप्रेस | २३ ऑक्टोबर, रात्री ९:२०

मी चिंचवडचा, उद्या जाणार आहे. ऐकतोय की काळ्या मातीचं पिच आहे, गवत काढलंय, बॉल खाली राहणार आणि हळू वळणार. कुलदीपला बसवून वॉशिंग्टन सुंदरला घेणार अशी चर्चा आहे, तो तर मूळ टीममध्येच नव्हता, पहिल्या मॅचनंतर बोलावलाय.

मला भीती वाटते. २०१७ ला मी या स्टेडियममध्ये होतो. १०५ आणि १०७. ३३३ रननी हरलो. त्याच पिचवर स्मिथने शंभर काढले होते. तेव्हा पण सगळे म्हणत होते ऑस्ट्रेलियाला फिरकीच्या आखाड्यात लोळवू.

स्लिपमधला_माणूस | २३ ऑक्टोबर, रात्री ९:५०

हेच मी म्हणतोय. एक-शून्य मागे पडलो म्हणून घाबरून आखाडा करायचा ही चूक आहे. पिच जेवढं जास्त वळेल तेवढी अश्विन-जडेजा आणि समोरचा साधा स्पिनर यांच्यातली दरी कमी होते. बॉल आपोआप वळत असेल तर फ्लाइट, ड्रिफ्ट, वेगातला बदल, बॅट्समनला सेट करणं, या सगळ्याची गरजच काय? नुसता टप्पा धरा, बाकी पिच बघून घेईल.

२०१६ चं इंग्लंड आठवा. वानखेडेवर त्यांनी पहिल्यांदा खेळून ४०० केले. आपण ६३१. कोहली २३५, विजय १३६, जयंत यादव नवव्या नंबरवर १०४. डावाने जिंकलो आणि अश्विनला १२ विकेट. पुढच्या चेन्नईत त्यांचे ४७७, आपले ७ बाद ७५९, करुण नायर ३०३ नाबाद, परत डावाने. चांगलं पिच होतं, पाच दिवस खेळायला लागले आणि आपल्याच स्पिनरनी जिंकून दिलं, कारण ते खरोखर चांगले होते.

कोहली_१८ | २३ ऑक्टोबर, रात्री १०:१०

आणि पुण्याच्या याच गहुंजे स्टेडियमवर विराटचे २५४ नाबाद, २०१९, साउथ आफ्रिका. उद्या बघा.

गहुंजे_एक्सप्रेस | २४ ऑक्टोबर, रात्री ८:३०

आत्ता घरी आलो. उन्हाने चेहरा लाल झालाय पण वॉशिंग्टनसाठी शंभर वेळा जाईन. ७/५९. पाच जण बोल्ड! ३ बाद १९७ होते ते, २५९ ला संपले. दहाच्या दहा विकेट तमिळनाडूच्या दोघांनी घेतल्या, अश्विनला तीन. रचिनला टाकलेला बॉल आमच्या स्टँडमधून पण कळला, बॅटला चुकवून थेट ऑफ स्टंप.

रोहित शून्यावर बोल्ड झाला तेव्हा मात्र स्टेडियम असं शांत झालं की साउदीची आरोळी ऐकू आली.

ऑकलंडकर | २५ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

सँटनर. मी या माणसाला वर्षानुवर्षं बघतोय, वनडेत आणि टी-ट्वेंटीत भरवशाचा, पण कसोटीत त्याने आजपर्यंत एका डावात पाच विकेट घेतल्या नव्हत्या. इथे त्याला कसोटीचा मोठा बॉलर कोणी म्हणत नाही. आज बघा काय करतोय. एक बॉल हळू सोडतो, पुढचा त्याच हातातून जोरात, एक वळतो, एक सरळ आत. आपले सगळे वळणाची वाट बघतायत आणि सरळ बॉलवर जातायत.

मिडऑन_मावशी | २५ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

कोहलीची विकेट मी तीन वेळा पाहिली. फुलटॉस. सँटनरचा फुलटॉस, आणि तो आडव्या बॅटने मारायला गेला आणि खालून बोल्ड. त्याच्या कसोटी कारकिर्दीत फुलटॉस वाया घालवलेला मला आठवत नाही. तो परत जाताना थोडा वेळ तसाच उभा होता, मला वाईट वाटलं हो. माणूस संपला असं मी म्हणणार नाही, पण डोळ्याला बॉल जरा उशिरा दिसतोय का असं वाटायला लागलंय.

कोहली_१८ | २५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

मावशी, तुमचा आदर आहे पण एका बॉलवरून डोळे खराब म्हणणं बरोबर नाही. मागच्याच आठवड्यात ७० केलेत आणि त्यात ९००० कसोटी धावा पूर्ण केल्यात.

आकडेमोड | २५ ऑक्टोबर, दुपारी २:००

१५६ ऑलआउट. सँटनर ७/५३. १०३ ची आघाडी त्यांना. पहिल्या डावात १०० ची आघाडी या पिचवर म्हणजे तीनशेच समजा.

गहुंजे_एक्सप्रेस | २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

गेली. ११३ रननी. मालिका गेली. बारा वर्षांनी घरी मालिका हरलो आणि ती माझ्या मैदानावर.

लंचला १ बाद ८१ होतो आपण, ३५९ करायचे होते आणि जयस्वाल असा मारत होता की माझ्या शेजारचे काका म्हणाले चहापर्यंत शर्यत चालू राहिली तर जिंकू. ६५ बॉलमध्ये ७७. तो गेला आणि पंत शून्यावर रनआउट झाला, तिथून सगळं सुटलं. सँटनर दिवसभर एका टोकाने, कंबर धरून टाकत होता, शेवटी तेरा विकेट घेऊनच थांबला. हरल्यावर आमच्या स्टँडने त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

एक गोष्ट मैदानात बसून नीट दिसली जी टीव्हीवर कळत नाही. लेथम आणि फिलिप्स प्रत्येक ओव्हरला स्वीप मारत होते, आणि स्वीप फोर जायला हवा असं नव्हतं, एक रन घेऊन पलीकडे जायचे. त्यामुळे अश्विनला एकाच बॅट्समनला सहा बॉल टाकायला मिळालेच नाहीत. आपले मात्र चार बॉल डिफेन्स आणि मग एकदम मोठा फटका.

नेटमधला_सर | २६ ऑक्टोबर, रात्री ११:३०

बरेच दिवस वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. मी शनिवार-रविवार मुलांना शिकवतो, तेरा ते सोळा वयोगट. गहुंजे यांनी जे पाहिलंय ते अगदी मुळाशी जाणारं आहे.

स्पिन खेळायचे दोन रस्ते. एकतर पूर्ण पुढे, बॉल पडतो तिथेच त्याला गाठायचा, वळायला जागाच द्यायची नाही. नाहीतर पूर्ण मागे, स्टंपच्या जवळ, वळून झाल्यावर बघून खेळायचं. मधे अडकलात की संपलात. आपल्या मालिकेतल्या विकेटी काढून बघा, निम्म्याहून जास्त वेळा पाय क्रीजवर रुतलेला आहे आणि हात पुढे गेलेत.

हे पूर्वी असं नव्हतं. का नव्हतं त्याचं एक कारण डीआरएस आहे, म्हणजे अंपायरचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासून घ्यायची सोय. जुने लोक पॅड पुढे टाकून बॅट मागे लपवायचे, पुढे पाय टाकला की अंपायर पायचीत देत नसे. आता बॉल ट्रॅकिंगने ते आउट होतं. म्हणजे बॅट पॅडच्या पुढे ठेवूनच खेळावं लागतं, आणि बॅट पुढे ठेवायची तर हात मऊ लागतात, म्हणजे बॅट सैल धरावी लागते, नाहीतर शॉर्ट लेग आणि सिली पॉइंट उभेच आहेत. मऊ हात वनडे-टी ट्वेंटीत कोण शिकवणार? तिथे बॅट घट्ट धरून जोरात फिरवायची असते. माझ्याकडे येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, सर स्लॉग स्वीप कधी शिकवणार. मी म्हणतो आधी दहा ओव्हर एका ऑफस्पिनरला खेळून दाखव, एकही बॉल बॅट-पॅडमध्ये उडायला नको. एकालाही जमत नाही. त्यांचा दोष नाही, त्यांनी नेटमध्ये निम्मा वेळ थ्रोडाउनच खेळलेत, बॉल वरून येतो, वेगात येतो, सरळ येतो.

आणि मोठे खेळाडू रणजी खेळत नाहीत. सचिन शेवटच्या मालिकेआधी लाहलीला हरियाणाविरुद्ध खेळायला गेला होता, २०१३ मध्ये, चाळिशीत. दुसऱ्या डावात नाबाद राहून मुंबईला जिंकून दिलं.

कोल्हापुरी_यॉर्कर | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

सर लई भारी लिहिलंय, लिहीत रहा. माझं म्हणणं थोडं येगळं हाय. टेक्निक मान्य. पण ज्या पोराला तीन वर्षं सांगितलं की कसोटीत बी आपण मारायचं, त्याला अचानक वळणाऱ्या पिचवर सोडून द्यायचं आणि म्हणायचं डिफेन्स कर, हे कसं जमणार? कानपूरला महिन्याआधीच बांगलादेशाला आपण टी-ट्वेंटी खेळून हरवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी बी वाजवल्या. मॅनेजमेंटनं एक काय ते ठरवावं.

स्लिपमधला_माणूस | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

सर, मनापासून धन्यवाद. फक्त एक मुद्दा. टेक्निक एका आठवड्यात दुरुस्त होणार नाही, पिच होऊ शकतं. वानखेडेची लाल माती आहे, उसळी चांगली असते, पहिले दोन दिवस बॅटिंगला सुंदर. ते तसंच राहू द्या. बातम्या येतायत की तिथेही वळणारं पिच मागितलंय. २०१२ ला धोनीने याच वानखेडेवर वळणारं पिच हवं म्हणून सांगितलं होतं. पीटरसनने १८६ मारले आणि पनेसरने ११ विकेट घेतल्या, दहा विकेटनी हरलो.

मिडऑन_मावशी | २७ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

पीटरसनची ती खेळी मी स्टेडियमात बसून पाहिलीय. आपल्याविरुद्ध होती तरी सांगते, वळणाऱ्या पिचवर परदेशी माणसाने याहून चांगली बॅटिंग केलेली मी पाहिलेली नाही.

वानखेडे_नॉर्थस्टँड | १ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४०

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरच्यांची बोलणी खाऊन मॅचला गेलो होतो. त्यांना २३५ ला काढलं, जडेजाने ३७ डिग्रीच्या आसपासच्या उन्हात पाच काढल्या, वॉशीला चार. आपण १ बाद ७८. दिवस संपायला पंधरा मिनिटं. आणि मग जयस्वाल रिव्हर्स स्वीपवर बोल्ड, नाइट वॉचमन म्हणून (दिवसअखेर मुख्य बॅट्समनला वाचवायला) आलेला सिराज पहिल्याच बॉलला पायचीत, रिव्ह्यूपण घालवला, आणि कोहली रनआउट. हेन्रीचा थेट थ्रो. ४ बाद ८४.

दिवसातल्या शेवटच्या ओव्हर चालू असताना तो रन कशाला हवा होता? कोणी समजावून सांगा.

कोहली_१८ | १ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

मी या मालिकेत विराटची बाजू घेत आलोय. आजच्या रनला मला पण उत्तर नाही.

स्लिपमधला_माणूस | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

पाडव्याच्या सगळ्यांना शुभेच्छा. आज गिलचे ९० आणि पंतचे ६० म्हणजे दोघांनी दाखवलं की खेळता येतं. २८ ची आघाडी मिळाली. पण सर्फराजला आठव्या नंबरला का पाठवला? डावखुरा-उजवा जोडी ठेवायची म्हणून जडेजाला वर आणला. सर्फराज मुंबईचा, या मैदानावर वाढलेला, स्पिन आपल्यात सगळ्यात चांगली खेळतो, दोन आठवड्यांपूर्वी १५० मारलेत, आणि त्याला वॉशिंग्टनच्या जेमतेम एक नंबर आधी. शून्यावर गेला. माणसाचा आत्मविश्वास असाच जातो.

त्यांची ९ बाद १७१ आहे. दीडशेच्या आत टार्गेट राहील. जिंकायला हवी.

आकडेमोड | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:५०

१४७ हवेत. ५ बाद २९.

वानखेडे_नॉर्थस्टँड | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:५५

गिलने बॉल सोडला आणि स्टंप उडाला. सोडला! स्टेडियम भरलेलं आहे आणि एक आवाज नाही.

कोल्हापुरी_यॉर्कर | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

पंत हाय अजून. पंत हाय तवर मॅच हाय. भाऊबीजेला ताईकडं आलोय, ओवाळायचं थांबवून सगळी टीव्हीसमोर बसल्यात.

आकडेमोड | ३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

१२१ ऑलआउट. २५ रननी हरलो. ३-०. तीन किंवा जास्त कसोटींच्या मालिकेत घरी सगळ्या कसोटी हरायची आपली पहिलीच वेळ.

एजाज ६/५७, मॅचमध्ये ११. पंत ६४.

वानखेडे_नॉर्थस्टँड | ३ नोव्हेंबर, दुपारी २:४५

पंतचं आउट मला मान्य नाही. मैदानावरच्या अंपायरने नाबाद दिलं होतं. अल्ट्राएजवर (बॅटला बॉल लागल्याचा आवाज टिपणाऱ्या यंत्रावर) रेष आली ती त्याच क्षणी बॅट पॅडला पण लागत होती, पंत तेच सांगत होता. खात्रीचा पुरावा नसेल तर मैदानावरचा निर्णय कायम राहायला हवा. ४१ हवे होते तेव्हा. तो असता तर जिंकलो असतो.

ऑकलंडकर | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

निर्णयावर शंका घ्यायला जागा आहे, मी पण गोंधळलो. पण दादा, १४७ करताना एकाच माणसावर सगळं यावं हीच मोठी गोष्ट नाही का? त्याच्याशिवाय दोन आकडी फक्त रोहित ११ आणि वॉशिंग्टन १२.

एजाजबद्दल दोन शब्द लिहायचेत. मुंबईत जन्मला, आठ वर्षांचा असताना घरचे इकडे आले. आधी फास्ट टाकायचा, मग स्पिनकडे वळला. २०२१ ला याच वानखेडेवर एका डावात दहाच्या दहा घेतल्या, आणि त्यानंतर लगेच इथल्या घरच्या मालिकेत त्याला टीममध्येच घेतलं नाही, कारण इथे पिच हिरवी असतात. न्यूझीलंडच्या जमिनीवर त्याला कसोटीत अजून एकही विकेट नाही. वानखेडेवर दोन कसोटीत २५ झाल्या. इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर आज सगळे आधी दुःखी होते, आणि मग एकाने लिहिलं की जिंकवणारा पोरगा पण मुंबईचाच, तेव्हा जरा बरं वाटलं. आणि सँटनर तर ही मॅच खेळलाच नाही, दुखापत होती.

आकडेमोड | ४ नोव्हेंबर, रात्री ८:००

रोहित सहा डावांत ९१. कोहली सहा डावांत ९३, त्यातले ७० एका डावात. अश्विन ९ विकेट, सरासरी ४१ च्या वर. तिघांनी मिळून आपल्याला बारा वर्षं घरी हरू दिलं नव्हतं. जडेजा आणि वॉशिंग्टन प्रत्येकी १६ विकेट, पंत २६१ धावा, त्यांनी जेवढं करायचं तेवढं केलं.

मिडऑन_मावशी | ४ नोव्हेंबर, रात्री ८:४०

रोहितने पुढे येऊन सांगितलं की आपण कॅप्टन आणि बॅट्समन म्हणून कमी पडलो. हे बोलायला धैर्य लागतं. पण हेन्रीला तो पुल मारायला गेला तेव्हा १४७ मधले फक्त १३ झाले होते. मी त्याला बोरिवलीच्या मैदानावरचा पोरगा म्हणून वाचत आलेय, त्याचा पुल माझा सगळ्यात लाडका फटका आहे. काल तो फटका मला बघवला नाही.

नेटमधला_सर | २९ जानेवारी २०२५, रात्री १०:००

धागा वर काढतोय. ऑस्ट्रेलियात ३-१ हरलो, अश्विन मधेच निवृत्त झाला, आणि आता रोहित मुंबईत बीकेसीच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी खेळला, ३ आणि २८. उद्यापासून कोहली दिल्लीकडून उतरतोय. धावा किती होतात त्याला माझ्या लेखी महत्त्व नाही. माझ्याकडची दोन मुलं शाळा बुडवून बीकेसीला गेली होती, आल्यावर म्हणाली सर, रोहितला पण त्या बॉलरने बीट केलं. मुलांनी हे बघणं फार गरजेचं होतं.

कोहली_१८ | १२ मे २०२५, दुपारी १२:३०

विराटने कसोटी सोडली. १२३ कसोटी, ९२३० धावा. रोहितने पाच दिवसांपूर्वी सोडली होती. या धाग्यावर मी बऱ्याच जणांशी भांडलो, कोणाला लागलं असेल तर माफ करा. माझं कसोटी क्रिकेट त्याच्यामुळे सुरू झालं.

मिडऑन_मावशी | १२ मे २०२५, दुपारी १:००

अरे माफी कसली बाळा. तू भांडलास म्हणून धागा वाचायला मजा आली. बघणं सोडू नकोस.

स्लिपमधला_माणूस | १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३:००

वर्ष झालं, आणि मला तेच परत लिहावं लागतंय. कोलकात्याच्या ईडनवर साउथ आफ्रिकेविरुद्ध १२४ हवे होते, ९३ ऑलआउट. गिल मान आखडून हॉस्पिटलात. चार स्पिनर खेळवले आपण, आणि मॅच घेऊन गेला त्यांचा ऑफस्पिनर सायमन हार्मर, दोन डावांत आठ विकेट. आपला कोच गंभीर मॅचनंतर म्हणाला की आम्हाला हवं होतं तसंच पिच मिळालं. मग वानखेडेवरून आपण काय शिकलो?

आख्ख्या मॅचमध्ये एकच अर्धशतक, त्यांचा कॅप्टन बवुमाचं ५५ नाबाद. बॉल डोळ्याखाली येईपर्यंत थांबायचा. उंची कमी, त्यामुळे वाकायला लागत नाही, पण मुख्य म्हणजे घाई नाही. आपल्याकडून वॉशिंग्टन तीन नंबरला येऊन ९२ बॉल टिकला, ३१ केले, दुसऱ्या डावातला सगळ्यात जास्त स्कोअर.

कोल्हापुरी_यॉर्कर | १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३:४०

पिच बदला. बास. गुवाहाटीला सपाट पिच द्या आणि मग बघा.

आकडेमोड | २६ नोव्हेंबर २०२५, दुपारी २:१०

गुवाहाटीचं पिच चांगलं होतं. त्यांचे ४८९, मुथुसामी १०९, यान्सन ९३. आपले २०१ आणि १४०. ४०८ धावांनी हरलो, धावांच्या हिशेबात आपली सगळ्यात मोठी हार. पहिल्या डावात यान्सनने बाउन्सरचा मारा करून सहा काढल्या, दुसऱ्यात हार्मरने सहा.

स्लिपमधला_माणूस | २६ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३:३०

मी वर्षभर इथे पिच पिच करत होतो. आखाडा करणं चूकच होतं, त्यावर मी ठाम आहे. पण गुवाहाटीनंतर हे पण कबूल करतो की सर पहिल्या दिवसापासून जे सांगत होते ते माझ्यापेक्षा खोलातलं होतं. पिच दिलं तरी आपल्याला थांबता आलं नाही. आणि ज्या वॉशिंग्टनने ईडनवर तीनला येऊन ९२ बॉल काढले त्याला लगेच पुढच्या मॅचला आठवर पाठवला, तिथून त्याने पहिल्या डावात ४८ केले.

सर, तुम्ही मॅच बघितली का?

नेटमधला_सर | २६ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:१५

बघितली. सगळी नाही, पण कुलदीपची बॅटिंग पूर्ण बघितली. १३४ बॉल, १९ रन. वॉशिंग्टनबरोबर त्याने अख्खं सेशन काढलं. नऊ नंबरला आलेला माणूस. पुढे आला की पूर्ण पुढे, मागे गेला की पूर्ण मागे, डोकं बॉलच्या वर, हात सैल, आणि बॉल सोडायचा असेल तर बॅट एकदम वर घेऊन सोडायचा. वेगळं काहीही केलं नाही त्याने.

ते रेकॉर्डिंग काढून ठेवलंय. रविवारी नेटच्या आधी मुलांना बसवून दाखवणार आहे, आणि मग ऑफस्पिनर लावून प्रत्येकाला दहा ओव्हर. कोणाला बघायला यायचं असेल तर सकाळी साडेसातला या, शॉर्ट लेगला उभं राहायला माणसं कमी पडतात.